सर सी. व्ही. रामन आणि अण्णांचा उजवा डोळा

के. आर. पुरमहून रोज शहराकडे जाणाऱ्या आपल्या मंडळींना सी. व्ही. रामन नगर चांगले ठाऊक आहे. कुणाला ते बागमाने टेक पार्कमुळे ठाऊक, कुणाला संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळांमुळे, आणि बहुतेकांना टिन फॅक्टरीच्या चौकातल्या वाहनांच्या रांगेमुळे! मी १९९९ साली सांगलीहून नोकरीसाठी बेंगळुरूला आलो तेव्हा पहिली खोली त्याच भागात घेतली होती. घरी पाठवायच्या प्रत्येक पत्रावर ते नाव लिहीत असे. पण ज्यांचे ते नाव, त्या माणसाबद्दल मला शाळेच्या पुस्तकातल्या चार ओळींपलीकडे काही माहीत नव्हते. समुद्र निळा का दिसतो, नोबेल पारितोषिक, २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन, झाले!

यंदा स्मरणिका समितीने आपल्या शहरातील एखाद्या थोर व्यक्तीवर लेख मागितला, तेव्हा मी रामन यांचे नाव सुचवले. मी वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरचे काम करतो, म्हणून ते सुचले असे मंडळातल्या मित्रांना वाटले असेल. खरे कारण घरचे आहे, ते आधी सांगतो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, २०१४ साली गावी होते. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले, वय त्रेसष्ट, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. एके दिवशी सकाळी उठून तोंड धुताना त्यांच्या लक्षात आले की उजव्या डोळ्याने खालचे अर्धे दिसतच नाही. आरशात कपाळ दिसते, हनुवटी दिसत नाही. दुखत मात्र काहीच नव्हते. गावाकडे तपासणी झाली. डोळ्याची मुख्य नस, जिला ऑप्टिक नर्व्ह म्हणतात, ती सुजलेली आहे असे निघाले. सूज आहे म्हणजे दाह आहे असे धरून स्टेरॉइडची इंजेक्शने दिली गेली. साखर चारशेच्या वर गेली आणि डोळा बाजूला राहून अण्णांनाच दवाखान्यात ठेवावे लागले. आठवड्याने मी त्यांना येथे आणले. येथल्या एका वयस्क डॉक्टरांनी हाताच्या शिरेत पिवळा रंग टोचून डोळ्याच्या पडद्याचे फोटो भराभर काढले आणि नसेच्या टोकाशी रंग उशिरा पोचतो आहे हे दाखवले. हा दाह नव्हता. नसेच्या टोकाचा रक्तपुरवठा तुटला होता. गेलेले परत येणार नव्हते.

या दोन रोगांचा घोळ कसा होतो ते मी नंतर समजून घेतले. ऑप्टिक नर्व्ह म्हणजे दहा-बारा लाख बारीक तंतूंची जुडी. ती डोळ्यातून बाहेर पडते ती जागा जेमतेम दीड मिलिमीटरची. तिला रक्त पुरवतात त्या मागून येणाऱ्या केसासारख्या बारीक धमन्या. दाह झाला तरी हे टोक सुजते आणि रक्त कमी पडले तरी सुजते. आतून डोकावणाऱ्या डॉक्टरला दोन्ही वेळा फुगलेले, कडा पुसट झालेले टोकच दिसते. फरक असतो तो आत वाहणाऱ्या रक्तात, आणि वाहणे काही एका फोटोत दिसत नाही! (एक खुलासा येथेच करतो. स्टेरॉइड वाईट असे कुणी समजू नये. म्हातारपणी धमन्यांनाच सूज येऊन नस मरते असा एक प्रकार आहे, त्यात डोके दुखते, चावताना जबडा दुखतो. तेथे स्टेरॉइड त्याच दिवशी सुरू केले तरच दुसरा डोळा वाचतो.)

त्या काळात मी रात्री जागून या विषयावरचे शोधनिबंध वाचत असे. जपानी डॉक्टरांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात नेमका अण्णांचाच प्रश्न होता. नसेच्या टोकावर लेझरचा मंद प्रकाश टाकून त्यांनी रक्तप्रवाहाचे चित्र घेतले होते. रक्त तुटलेल्या डोळ्यात प्रवाह मंद आणि दाह झालेल्या डोळ्यात तो उलट वाढलेला दिसला होता. बाहेरून सारखीच सूज, आतले चित्र उलटे! या यंत्राचे मूळ तत्त्व समजून घ्यावे म्हणून मी मागे मागे जात राहिलो, आणि त्या जुन्या निबंधांच्या यादीत १९१९ सालाच्या पुढे सी. व्ही. रामन हे नाव आले. त्याखाली १९४३ सालचे दुसरे नाव होते जी. एन. रामचंद्रन, आणि गाव होते बेंगळुरू. मी ते पान दोनदा वाचले. त्या रात्रीपासून मी रामन यांचे चरित्र वाचायला लागलो.

चंद्रशेखर वेंकट रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीचा. वडील विशाखापट्टणमच्या कॉलेजात गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत. मुलगा हुशार आणि प्रकृतीने किरकोळ. अकराव्या वर्षी मॅट्रिक, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ साली पहिल्या क्रमांकाने बी. ए., १९०७ साली एम. ए. विद्यार्थी असतानाच, १९०६ साली, त्यांचा प्रकाशावरचा पहिला निबंध लंडनच्या मोठ्या नियतकालिकात छापून आला. पुढे विलायतेला जायचे तर सरकारी डॉक्टरांनी सांगितले की ही प्रकृती तिकडच्या थंडीत टिकणार नाही. मग त्या काळच्या हुशार मुलाने जे करायचे ते त्यांनी केले. सरकारी हिशेब खात्याची परीक्षा दिली, तीत पहिले आले, लोकसुंदरी अम्मल यांच्याशी लग्न झाले आणि १९०७ साली हे अठरा वर्षांचे साहेब कलकत्त्याला हजर झाले.

नोकरीसाठी घर सोडून परक्या भाषेच्या शहरात येणे म्हणजे काय हे आपल्याला कुणी सांगायला नको. तमिळ मुलुखातला हा तरुण कलकत्त्यात पडला आणि बोबाजार रस्त्यावरून जाताना त्याला एका संस्थेची पाटी दिसली. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापन केलेली ही विज्ञान संस्था तेव्हा जवळजवळ ओस पडली होती. रामन यांनी तेथे काम करायची परवानगी मिळवली. सकाळी कचेरीच्या आधी प्रयोग, दिवसभर हिशेब, संध्याकाळी पुन्हा प्रयोग. असे दहा वर्षे चालले! मधे बदल्या झाल्या. १९०९ साली रंगून, आणि १९१० साली चक्क नागपूर. आपल्यातल्या वैदर्भीय मंडळींना हे मुद्दाम सांगतो, कारण नागपूरकरांनाही ते फारसे माहीत नसते. १९११ साली ते कलकत्त्याला परतले आणि १९१७ साली गलेलठ्ठ सरकारी पगार सोडून, जवळजवळ निम्म्या पगारावर, विद्यापीठात भौतिकशास्त्राचे पालित प्राध्यापक झाले.

तबला आणि मृदंग यांच्या कातड्यावर मधोमध शाई असते, त्यामुळे त्यांचा नाद इतर ढोलांसारखा बेसूर न राहता सुरेल का होतो, हेही याच काळात त्यांनी तपासले. आरतीला तबला धरणाऱ्या आपल्या कलाकारांसाठी ही एक भर! पण मला महत्त्वाचे वाटते ते १९१९ सालचे काम. अंधारात दूरच्या एखाद्या प्रखर दिव्याकडे पाहिले तर त्याभोवती एक प्रभा दिसते आणि तीत असंख्य बारीक किरणांच्या रेघा फुटलेल्या दिसतात. हे सर्वांनीच पाहिलेले असते. ही प्रभा दिव्याची नसून ती आपल्या डोळ्याच्या आत तयार होते, असे रामन यांनी मांडले. डोळ्याच्या पारदर्शक भागात अतिशय सूक्ष्म कण असतात. त्यांच्यावरून प्रकाश विखुरतो, विखुरलेल्या लाटा एकमेकींत मिसळतात, कुठे जोर वाढतो, कुठे एकमेकींना खाऊन टाकतात, आणि त्यातून ही उजेड-अंधाराची नक्षी तयार होते. म्हणजे नोबेलच्या कितीतरी आधी हा माणूस डोळ्यातल्या विखुरलेल्या प्रकाशाशी झटत होता.

समुद्राची गोष्ट सर्वांना माहीत आहे, ती थोडक्यात. १९२१ साली ते पहिल्यांदा इंग्लंडला जाऊन नारकुंडा बोटीने परतत होते. भूमध्य समुद्राची निळाई आभाळाच्या प्रतिबिंबामुळे नाही, पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे त्यांनी डेकवर उभे राहून खिशातल्या एका छोट्या प्रिझमने पडताळले. त्याविषयीचे पत्र त्यांनी मुंबई बंदरातूनच नियतकालिकाला पाठवले! तेथून सात वर्षे विद्यार्थ्यांसह काम झाले आणि २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन परिणाम सापडला. के. एस. कृष्णन यांचा या कामात मोठा वाटा. विखुरलेल्या प्रकाशाचा थोडा भाग आपला रंग बदलतो, हे त्यांनी प्रथम पाहिले ते सूर्यप्रकाश, दुर्बिणीची भिंगे, रंगीत काचा आणि अंधाराला सरावलेले आपले डोळे यांच्या बळावर. १९२९ साली सर ही पदवी आणि १९३० साली नोबेल. पारितोषिक जाहीर होण्याआधीच त्यांनी स्टॉकहोमला वेळेत पोचता यावे म्हणून बोटीची तिकिटे काढून ठेवली होती. आत्मविश्वास म्हणा किंवा अहंकार म्हणा, दोन्ही भरपूर होते.

१९३३ साली ते बेंगळुरूला आले ते भारतीय विज्ञान संस्थेचे, म्हणजे येथले जुने लोक अजूनही जिला टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात तिचे, पहिले भारतीय संचालक म्हणून. आणि त्याच वर्षी एका मराठी मुलीशी त्यांची गाठ पडली. कमला भागवत मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पहिल्या क्रमांकाने पास होऊन प्रवेशासाठी आली. लेखिका दुर्गाबाई भागवतांची ही बहीण. तिचे वडील आणि काका दोघेही याच संस्थेत शिकलेले. रामन यांनी केवळ ती मुलगी आहे म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, त्यांनी संचालकांसमोर गांधीजींच्या मार्गाने ठाण मांडले. शेवटी रामन यांनी अटी घालून एक वर्षासाठी घेतले. वर्षभर काम पाहिल्यावर त्यांचे मत बदलले आणि मुलींना संस्थेचे दार उघडले. कमलाबाई १९३९ साली केंब्रिजच्या पीएच. डी. झाल्या, पुढे कमला सोहोनी म्हणून त्यांनी पोषणाच्या क्षेत्रात मोठे काम केले. तो अपमान मात्र त्या कधी विसरल्या नाहीत. मला वाटते, रामन यांच्यावर लिहिताना हे मराठी माणसाने तरी वगळू नये. पुढे रामन यांच्याच प्रयोगशाळेत अ‍ॅना मणी यांनी हिऱ्यांवर काम केले आणि नंतर पुण्याच्या वेधशाळेत हवामानाची उपकरणे घडवली, हेही सांगायला हवे.

संचालकपद त्यांना फार दिवस पचले नाही. जर्मनीतून परागंदा झालेल्या माक्स बॉर्न यांच्यासारख्या शास्त्रज्ञाला त्यांनी येथे बोलावले, भौतिकशास्त्राचा नवा विभाग काढला, पण कारभारात सहकाऱ्यांशी खटके उडाले आणि १९३७ साली संचालकपद सोडावे लागले. प्राध्यापक म्हणून ते १९४८ पर्यंत तेथेच राहिले. त्या वर्षांतलीच एक घटना माझ्या या लेखाच्या मध्यावर आहे.

१९४२ साली वीस वर्षांचा रामचंद्रन विद्युत अभियांत्रिकी शिकायला संस्थेत आला. रामन यांनी त्याला ओळखले आणि आपल्या विभागात ओढून घेतले. त्याला जे प्रश्न दिले त्यांत तो १९१९ सालच्या प्रभेचाच पुढचा भाग होता. काचेवर लायकोपोडियमची अतिशय बारीक पूड पसरायची आणि तिच्यातून लहानशा प्रखर दिव्याकडे पाहायचे. दिव्याभोवती प्रभा दिसते. पण नीट पाहिले तर ती सलग नसते, दाणेदार असते. कुठे उजेडाचा ठिपका, शेजारी काळोखाचा. हे दाणे म्हणजे प्रयोगातली घाण, असे समजून सोडून देणे सोपे होते. गुरुशिष्यांनी तसे केले नाही. रामचंद्रन यांनी त्या चढउतारांचे मोजमाप केले आणि ते गणिताच्या ठराविक नियमाने चालतात हे १९४३ साली दाखवून दिले. हेच रामचंद्रन पुढे कोलॅजन या प्रथिनाची रचना उलगडून जगभर गाजले. त्यामुळे हा छोटा निबंध मागे पडला.

आता हे दाणे म्हणजे काय ते मंडपाच्या भाषेत सांगतो, कारण मागच्या वर्षी मी आपल्या सोसायटीतल्या मुलांना ते दाखवले होते. बाजारात मिळणारा साधा लेझर पॉइंटर घ्या आणि त्याचा ठिपका चुना लावलेल्या भिंतीवर टाका. लाल ठिपका वाळूसारखा दाणेदार दिसेल. भिंतीच्या सूक्ष्म खडबडीतून परतलेल्या लाटा एकमेकींत मिसळून ही वाळू तयार होते. भिंत स्थिर, म्हणून हात स्थिर धरला तर दाणेही स्थिर. आता तोच ठिपका वाटीतल्या दुधावर टाका. दाणे दिसतात न दिसतात तोच वितळल्यासारखे होतात, पुसट होतात, कारण दुधातले स्निग्धाचे कण सतत हलत असतात. कण जितके जोरात हलतील तितके दाणे अधिक पुसट. दुधाच्या जागी रक्त आणि स्निग्धाच्या कणांच्या जागी तांबड्या पेशी ठेवा, की झाले डोळ्याचे यंत्र! (मुलांच्या हाती लेझर देताना मोठ्यांनी जवळ राहावे, डोळ्यात तो कधीही टाकू देऊ नये. आणि आपल्या विसर्जनाच्या मिरवणुकीत लेझरचे झोत नकोत, ही माझी समितीला हात जोडून विनंती. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत त्यामुळे डोळ्यांचे पडदे दुखावल्याच्या तक्रारी आल्या आहेत.)

१९६० साली लेझर आला तेव्हा हे दाणे सगळ्यांनाच दिसू लागले आणि बहुतेकांना त्यांचा त्रासच झाला. चित्र बिघडवणारी कटकट म्हणून ते घालवायचे उपाय शोधले गेले. १९८१ साली फेर्शर आणि ब्रायर्स यांनी उलटा विचार केला. दाणे जेथे पुसट, तेथे काहीतरी वाहते आहे, म्हणजे पुसटपणा मोजला की प्रवाहाचा नकाशा मिळतो. त्याच दशकात जपानच्या क्युशू भागात हितोशी फुजी यांनी यावर काम सुरू केले आणि त्यातून डोळ्याच्या पडद्याचा व नसेच्या टोकाचा रक्तप्रवाह दाखवणारे यंत्र उभे राहिले. डोळ्याला जेमतेम जाणवणारा इन्फ्रारेड लेझर, सेकंदाला तीस चित्रे, चार सेकंद बसायचे. सुई नाही, रंग टोचणे नाही. पडद्यावर जोरात वाहणारा भाग लाल, मंद भाग निळा, आणि प्रत्येक ठोक्याला रंग बदलतो, म्हणजे हृदयाची धडधड डोळ्यात दिसते!

माझ्या धंद्यातली गोष्ट म्हणून त्याच्या मर्यादाही सांगतो. यंत्र रक्ताचा वेग मिलिमीटरमध्ये सांगत नाही, एक सापेक्ष आकडा देते. त्यामुळे माझा आकडा आणि तुमचा आकडा शेजारी ठेवून फारसे काही कळत नाही, पण त्याच माणसाचा एक डोळा दुसऱ्याशी किंवा आजचा आकडा सहा महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. काचबिंदूतही नसेच्या टोकाचा प्रवाह कमी झालेला दिसतो. पण रक्त कमी पडले म्हणून तंतू मेले, की तंतू मेले म्हणून रक्ताची गरज उरली नाही, हा वाद अजून मिटलेला नाही. सुमारे २०१४ पासून ओसीटी अँजिओग्राफी हे दुसरे तंत्र आले. ते बारीक केशवाहिन्यांचे जाळे सुंदर दाखवते, पण तेथे रक्त वाहते आहे एवढेच कळते, किती जोरात ते नीट कळत नाही.

रामन यांनी हे यंत्र शोधले असे मी म्हणत नाही. असले दावे आपल्याकडे फार सहज केले जातात आणि त्याने शोधणाऱ्यांचाही मान राहत नाही आणि रामन यांचाही. एक्झ्नर, लाउए अशा युरोपीय शास्त्रज्ञांनीही हे दाणे आधी पाहिले होते. माझे म्हणणे एवढेच की कटकट म्हणून जे टाकून द्यायचे, त्याकडे येथे, आपल्यापासून दोन तासांच्या ट्रॅफिकवर, कुणीतरी लेझरच्या सतरा वर्षे आधी नीट पाहिले होते.

१९४८ साली संस्थेतून निवृत्त झाल्यावर रामन यांनी मेखरी सर्कलजवळ, म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जागेवर, स्वतःची रामन संशोधन संस्था काढली. १९५४ साली भारतरत्न मिळाले. आणि सत्तरी ओलांडल्यावर हा माणूस पुन्हा डोळ्याकडे वळला. गुलाबाच्या पाकळ्या, रत्ने, फुलांचे रंग यांतून सुरू होऊन गाडी रंग दिसतात कसे या प्रश्नावर आली. त्यांची पद्धत ऐकून हसू येईल इतकी साधी होती. उजेडाने झगमगणाऱ्या पांढऱ्या पडद्याकडे रंगीत काचेतून टक लावून पाहायचे आणि एकदम काच बाजूला करायची. क्षणभर पडद्यावर आपल्याच डोळ्याच्या आतल्या पडद्याचे मोठे चित्र उमटते, असे त्यांनी नोंदवले. म्हातारपणी असे तासन्‌तास बसून त्यांनी १९६८ साली दृष्टीच्या शरीरशास्त्रावर एक अख्खे पुस्तक प्रसिद्ध केले. रंग ओळखणारी तीन प्रकारची ग्राहके डोळ्यात असतात, हे जुने मत त्यांनी त्यात साफ नाकारले. येथे मात्र ते चुकले. १९६४ सालीच अमेरिकेत शंकूपेशींवर प्रत्यक्ष मोजमापे होऊन तीन प्रकार सिद्ध झाले होते. रामन यांनी ती मानली नाहीत आणि डोळ्याच्या शास्त्रज्ञांनी रामन यांना मानले नाही. पुस्तक कपाटात राहिले. स्फटिकांच्या प्रश्नावर बॉर्न यांच्याशी झालेल्या वादातही असेच झाले होते. आपल्या डोळ्यांवरचा जो विश्वास १९२८ साली कामी आला, तोच पुढे आड आला असे मला वाटते.

दर वर्षी २ ऑक्टोबरला ते आपल्या संस्थेत गांधी स्मृती व्याख्यान देत. १९७० सालचे शेवटचे ठरले. त्यानंतर काही दिवसांतच ते प्रयोगशाळेत कोसळले. दवाखान्यातून त्यांनी घरी, आपल्या बागेत परत यायचा हट्ट धरला. २१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले. इच्छेप्रमाणे संस्थेच्या आवारातच दहन झाले आणि त्या जागी एक झाड लावले गेले. दगडी स्मारक नाही.

अण्णांच्या दुसऱ्या डोळ्याविषयी सांगायचे राहिले. एका डोळ्याला असे झाले की शंभरातल्या साधारण पंधरा जणांना पाच वर्षांत दुसऱ्या डोळ्यालाही होते. अण्णा रक्तदाबाच्या दोन्ही गोळ्या रात्री झोपताना घेत. झोपेत दाब आधीच उतरतो, त्यात गोळीने तो आणखी उतरला तर नसेच्या टोकाला रक्त पुरत नाही, असे मत अमेरिकेत आयोवा येथे आयुष्यभर याच नसेच्या रक्तपुरवठ्यावर काम केलेले आपले डॉ. सोहनसिंग हयरे मांडत असत. ते २०२२ साली गेले. त्यांचे मत सर्वांना मान्य नाही. तरी आमच्या डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या. (कुणी हे परस्पर करू नये!) घोरण्याचीही तपासणी झाली. दहा वर्षे उलटून गेली, डावा डोळा शाबूत आहे.

यंदा विज्ञान दिनाच्या सुमारास मी परवानगी काढून अण्णांना रामन संशोधन संस्था दाखवायला नेले. रिंग रोडने हेब्बाळ आणि तेथून मेखरी सर्कल, सकाळी लवकर निघालो म्हणून पाऊण तासात पोचलो. रामन यांनी जमवलेली खनिजे, स्फटिक, शिंपले अण्णांनी मास्तरांच्या सवयीने एकेक करून पाहिले. पायऱ्या उतरताना मात्र त्यांना अजून चप्पल पुढे सरकवून कड चाचपावी लागते. झाडापाशी आल्यावर त्यांनी मला विचारले की रामन यांना स्वतःच्या डोळ्यातली ती नस दिसली होती का. मी सांगितले की ती कुणालाच दिसत नाही. पडद्यावर जेथून नस बाहेर पडते तेवढ्या जागी प्रकाश ओळखणाऱ्या पेशीच नसतात. तो प्रत्येकाचा आंधळा ठिपका. ती पाहायला दुसऱ्याचा डोळा किंवा यंत्रच लागते.

परतताना जुन्या मद्रास रस्त्याने आलो. बैयप्पनहळ्ळीच्या अलीकडे गाडी नेहमीप्रमाणे अडकली. अण्णा रोज सकाळी दिनदर्शिकेपुढे जी तपासणी करतात ती त्यांनी तेथे गाडीत केली. डावा डोळा तळव्याने झाकला आणि रस्त्यावर उंच टांगलेला हिरवा फलक नुसत्या उजव्या डोळ्याने वाचला. वरच्या ओळीत सी. व्ही. रामन नगर होते. खालची ओळ मी वाचून सांगितली.